वारा, चराई आणि 'संस्कृती' नावाचा शब्द

पदव्युत्तर वर्गाला 'आदिवासी साहित्य' शिकवताना एक प्रश्न दर वर्षी शब्द बदलून प्रश्नपत्रिकेत येतो : आदिवासी संस्कृतीची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. उत्तरेही ठरलेली असतात. निसर्गपूजा, समूहनृत्य, ढोल, गोंदण, होळी, बोहाडा, देवदेवतांची नावे. जमीन हा शब्द या उत्तरात क्वचित येतो. आलाच तर 'शोषण' या निराळ्या मुद्द्याखाली येतो. संस्कृती एका परिच्छेदात आणि पोट दुसऱ्या परिच्छेदात, अशी ही विभागणी विद्यार्थ्यांनी शोधून काढलेली नाही. ती आमच्या अभ्यासक्रमाने आणि मार्गदर्शक पुस्तकांनी त्यांच्या हाती दिली आहे.

या शब्दाची मला आजवर भेटलेली सर्वांत काटेकोर व्याख्या एका न्यायनिवाड्यात सापडली, ही गोष्ट साहित्याच्या अध्यापकाला थोडी लाजवणारीच. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने दिलेला तो निवाडा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी थोडा भूगोल सांगायला हवा.

मध्य नॉर्वेत ट्रोन्डहाइमच्या खाडीपलीकडे फोसेन नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे सामी लोक रेनडिअरचे कळप पाळतात. सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प यांत विखुरलेले, उत्तर युरोपातले आदिवासी. फोसेनच्या सामींची भाषा दक्षिणी सामी. ती बोलणारे आज काही शेच उरले आहेत. कळप राखणाऱ्या गटाला त्यांच्या भाषेत 'सिय्ते' म्हणतात. त्यात कुटुंबे येतात, जनावरे येतात आणि चराईचा मुलूखही येतो. इंग्रजीत याला चपखल शब्द मिळत नाही. मराठी माणसाला मात्र फार अडचण पडू नये. आपल्याकडे मेंढपाळ धनगरांचा 'वाडा' असाच चालता असतो. वाडा म्हणजे माणसे, मेंढरे, घोडी, कुत्री आणि वर्षानुवर्षांची ठरलेली वाट, सगळे मिळून.

हिवाळा हा या कळपांचा कसोटीचा काळ. बर्फाचा थर जाड झाला, किंवा वितळून पुन्हा गोठला, की खालचे खाद्य जनावराच्या तोंडी लागत नाही. अशा वेळी उपयोगी पडतात ते वाऱ्याने बर्फ उडवून लावलेले उंच, उघडे माथे. म्हणजे ज्या वाऱ्यावर कळप जगतो, त्याच वाऱ्यासाठी पवनचक्कीवाल्यांनाही तेच माथे हवेत. फोसेनमधल्या स्टोरहैया आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. परवाना २०१० सालचा, सरकारने तो कायम केला २०१३ साली, आणि २०२० पर्यंत दोन्ही ठिकाणी वीजनिर्मिती सुरू झाली होती. मध्यंतरी, डिसेंबर २०१८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने स्टोरहैयाचे काम थांबवण्याची विनंती नॉर्वेला केली होती. ती मानली गेली नाही. खटला चालू असताना पाती फिरू लागली.

अपिलाच्या न्यायालयाने २०२० मध्ये एक तोड काढली होती : हिवाळ्यात कळप कुंपणात बांधून वैरण घालावी, आणि तिच्या खर्चापोटी कंपनीने सुमारे ९ कोटी क्रोनर द्यावेत. चराई गेली तर वैरण विकत घ्या, हिशेब मिटला. सर्वोच्च न्यायालयाला हा हिशेब मान्य झाला नाही. कुंपणातला कळप जगेल, पण ती रेनडिअर पाळण्याची सामी रीत उरणार नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा सारांश सांगता येईल. रेनडिअरपालन हा उपजीविकेचा धंदा आहे हे खरे, परंतु तीच या लोकांची संस्कृतीही आहे. आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे २७ वे कलम अल्पसंख्य समूहांना आपली संस्कृती आपल्या लोकांसह जगण्याचा हक्क देते. तो हक्क येथे मोडला गेला आहे, सबब परवाना अवैध.

हरित ऊर्जेची निकड न्यायालयाने झटकून टाकली नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. हवामानबदल रोखण्याची गरज त्याने मोलाचीच मानली. मात्र ही गरज सामींना कमी झळ लागेल अशा अन्य जागा निवडूनही भागवता आली असती, एवढेच त्याने दाखवून दिले. (हा करार भारतानेही १९७९ साली स्वीकारलेला आहे. आमच्या अभ्यासपत्रिकेच्या संदर्भसूचीत त्याचे २७ वे कलम घालावे असे मला फार दिवस वाटते आहे. अभ्यासमंडळाला ते विषयबाह्य वाटेल, असो.)

निवाडा वाचताना मला निल्स-आस्लाक वाल्केआपा यांची आठवण होत होती. वाल्केआपा (१९४३-२००१) उत्तरी सामीतले कवी, गायक आणि चित्रकार. १९९१ साली त्यांच्या 'बेआइवी, आहचाझान', म्हणजे 'सूर्य, माझा पिता', या ग्रंथाला नॉर्डिक परिषदेचे साहित्य पारितोषिक मिळाले. त्या ग्रंथात एक दीर्घ कविता आहे. तिच्यात रेनडिअरांचे वर्णन करणारे सामी शब्द पानांवर पसरत जातात, जणू कळपच पानांवरून चालला आहे. या एका कवितेचा अनुवाद वाल्केआपा यांनी होऊ दिला नाही. अनुवादित आवृत्तीतही ती सामीतच छापली जाते. अनुवादाच्या सिद्धान्तांवर आपण वर्गात तास खर्च करतो, 'अननुवादनीयता' असा जिभेला वळसा घालणारा शब्दही घडवतो. येथे एका कवीने ती गोष्ट न बोलता करून दाखवली आहे. ज्याने जनावराचे वय, रंग, शिंगांचा घाट, चाल हे सगळे एका शब्दात ओळखलेले नाही त्याला तो शब्द कोशातून देऊन काय उपयोग? तीन दशकांनी नॉर्वेच्या न्यायालयाने कायद्याच्या भाषेत जे म्हटले ते याच्या फार जवळचे आहे. कळप कुंपणात गेला की शब्दही हळूहळू कुंपणात जातात.

निवाड्यानंतर काय झाले? काहीही झाले नाही. परवाना अवैध ठरला, पण पवनचक्क्यांचे पुढे काय करायचे हे न्यायालयाने सांगितले नव्हते, आणि सरकार 'अधिक अभ्यास' करत राहिले. ५०० दिवस उलटले तेव्हा, २३ फेब्रुवारी २०२३ रोजी, तरुण सामी कार्यकर्ते ओस्लोतल्या ऊर्जा मंत्रालयात शिरून ठाण मांडून बसले. त्यांनी आपला पारंपरिक पोशाख उलटा करून घातला होता. सामींमध्ये ती निषेधाची खूण आहे. ग्रेटा थुनबर्ग त्यांच्याबरोबर बसली आणि पोलिसांनी तिला उचलून बाहेर नेले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते छायाचित्र छापले. हवामानासाठी शाळा सोडून रस्त्यावर उतरलेली मुलगी पवनचक्क्यांच्या विरोधात कशी, हा प्रश्न काहींना त्या वेळी पडला होता. ती पवनचक्क्यांच्या विरोधात नव्हतीच. 'हरित' या विशेषणाने कोणाचा हक्क झाकला जातो, एवढेच ती विचारत होती. २ मार्चला नॉर्वेच्या ऊर्जामंत्र्यांनी सामींची क्षमा मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये एका सिय्तेशी आणि मार्च २०२४ मध्ये दुसरीशी तडजोड झाली : दरवर्षी काही रक्कम, अन्यत्र चराईचे रान, आणि परवान्याची मुदत संपल्यावर ती वाढवू न देण्याचा अधिकार. पवनचक्क्या जागच्या जागी आहेत.

सामींना हा अनुभव नवा नाही. १९७९ साली उत्तरेकडच्या आल्टा नदीवरच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सामी तरुणांनी ओस्लोच्या संसदेसमोर उपोषण केले होते. धरण झाले ते झालेच. पण त्या लढ्यातून १९८९ साली सामींची स्वतःची संसद उभी राहिली, आणि आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १६९ जगात सर्वप्रथम नॉर्वेनेच १९९० मध्ये स्वीकारला. हे सगळे असूनही फोसेन घडले. कायदे चांगले असले की भागते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपण तो करार स्वीकारलेला नाही. त्याच्या आधीचा, क्रमांक १०७ चा, करार मात्र भारताने १९५८ सालीच मान्य केला होता, आणि नर्मदेच्या वादात त्याचा हवाला दिला गेला होता. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. त्या काळी धरणाची भाषा विकासाची होती. वीज 'हरित' आहे असे कोणी म्हणत नव्हते. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने २५ मेगावॉटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेत गणण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच पूर्ण उंचीपर्यंत भरले. धरण तेच, पाणी तेच, बुडालेले रान तेच. बदलला तो शब्द.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका पावरा विद्यार्थ्याने लोकगीतांच्या संकलनाचा प्रकल्प केला होता. ('प्रकल्प' हा शब्द आमच्या वर्गात किती निरागस असतो! त्याच्या घरी तो 'प्रकल्पग्रस्त' या समासातच ऐकलेला.) संहिता चोख होती, प्रमाण मराठीतला अर्थही दिला होता. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी विचारले, "या गीतात टेकड्यांची आणि घाटांची एवढी नावे का येतात?" तो म्हणाला, "सर, गाताना आजी हात करून दाखवायची. आता हात कुठे करायचा ते कळत नाही." परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला. त्याला चांगले गुण मिळाले, आणि मिळायलाच हवे होते. पण त्याच्या त्या उत्तराचे गुण कोणत्या रकान्यात मांडायचे हे आमच्या गुणपत्रिकेत नव्हते.

मी खानदेशात राहतो. येथला उन्हाळा वर्षागणिक कसा होत चालला आहे हे मला आकडेवारीवरून समजून घ्यावे लागत नाही. कोळसा जाळणे थांबले पाहिजे, याविषयी माझ्या मनात संशय नाही. साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्या मला आवडतात असेही म्हणेन. पहाटेच्या बसमधून त्या धुक्यात दिसतात तेव्हा विलक्षण दिसतात. पण त्याच तालुक्यात पवनऊर्जेला दिलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबांनी आपल्या कसण्याचा दावा सांगितला आणि आंदोलने केली, हेही त्या धुक्यातच आहे. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्यात दावेदाराला पुरावा द्यावा लागतो, आणि कसणाऱ्यापाशी बहुधा असतो तो तोंडी : हे झाड आजोबांनी लावले, ही बांधाची दगडे बापाने रचली. साहित्याचे विद्यार्थी ज्याला मौखिक परंपरा म्हणतात तीच ही. वर्गात आपण तिला डोक्यावर घेतो. तहसील कचेरीत मात्र तिची गाठ कागदाशी पडते, आणि तेथे तिच्या बाजूने बोलायला आमच्यापैकी कोणी गेल्याचे मला तरी माहीत नाही.

फोसेनच्या पवनचक्क्यांचे परवाने २०४५ च्या सुमारास संपतील. निवाडा लागला त्या वर्षी जन्मलेले सामी मूल तेव्हा चोवीस वर्षांचे असेल आणि 'नाही' म्हणण्याचा करारातला अधिकार त्याच्या पिढीकडे आलेला असेल. तोवर त्या माथ्यांवर कळप नेण्याची सवय कोणाला राहिली असेल, आणि तो 'नाही' दक्षिणी सामीत म्हटला जाईल की नॉर्वेजियनमध्ये, हे करारात लिहिलेले नाही.