सात फुटांची वाट : 'क्रेसी'चा प्रवास आणि इंग्लंडचे कालवे

१/१४
जुलै १९३९. इंग्लंडमधील बॅनबरी गावी, टूली कुटुंबाच्या नौका-दुरुस्तीच्या आवारातून 'क्रेसी' नावाची एक लांबट, अरुंद लाकडी नौका कालव्यात शिरली. तिच्यावर एकोणतीस वर्षांचे अभियंते टॉम रोल्ट आणि त्यांची नवविवाहित पत्नी अँजेला होते. मध्य इंग्लंडच्या कालव्यांतून संथपणे हिंडावे, असा त्यांचा बेत होता. त्या सहलीने एका देशाचे कालवे कसे वाचवले, आणि काय वाचवायचे राहून गेले, त्याचा हा #धागा.

२/१४
'कालवा' म्हटले की आपल्याला शेताला पाणी देणारा पाट आठवतो. इंग्लंडचे हे कालवे मात्र मालवाहतुकीच्या वाटा होत्या. १७६० च्या दशकात ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा कालव्याने मँचेस्टरला येऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. तेव्हाच्या खडबडीत रस्त्यावर एक घोडा फार तर एक-दोन टन माल ओढी. संथ पाण्यावर तोच घोडा तीस टनांपर्यंतचा भार नेऊ शके.

३/१४
तो कालवा आखण्यात जेम्स ब्रिंडली या पाणचक्क्या बांधणाऱ्या कारागिराचा मोठा वाटा होता. १७६६ मध्ये त्याच्याकडे ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडण्याचे काम आले. या कालव्याची पहिली कुदळ मारली जोसाया वेजवूड या प्रसिद्ध कुंभारोद्योजकाने. त्याची चिनी मातीची भांडी रस्त्याच्या धक्क्यांनी वाटेतच फुटत. पाण्यावरून जाणारी नौका धक्के देत नाही, हे त्याने अचूक हेरले होते.

४/१४
वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी आली. ब्रिंडलीने तिच्या पोटातून सुमारे २.६ किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. तो पुरा व्हायला अकरा वर्षे लागली. ब्रिंडली स्वतः १७७२ मध्येच वारला होता. इतका लांब बोगदा रुंद खणणे परवडणारे नव्हते आणि उंचावरचे पाणीही मोजकेच होते. म्हणून नौकांसाठी साधारण सात फूट रुंदीचे माप ठरले. मध्य इंग्लंडच्या कित्येक कालव्यांनी पुढे तेच स्वीकारले. अरुंद नौकेचा, म्हणजे 'नॅरोबोट'चा जन्म या काटकसरीतून झाला.

५/१४
बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. घोडा टेकडीवरून पलीकडे नेला जाई. आत अंधारात माणसे नौकेवर उताणी निजून, भिंतींना पाय रेटत, दोन-तीन तास ती पुढे ढकलत. १८२७ मध्ये थॉमस टेलफर्डने शेजारी दुसरा बोगदा बांधला आणि त्यात घोड्यासाठी वाट ठेवली, तेव्हा कुठे हे कष्ट कमी झाले.

६/१४
चढावर पाणी कसे चढवायचे? ते चढवत नाहीत. 'लॉक' म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी किंवा विटांचा हौद. नौका खालून आत येते, मागचे दरवाजे मिटतात. मग काटकोनात वळलेल्या लोखंडी दांडीने वरच्या झडपा उघडतात; वरचे पाणी हौदात उतरते आणि नौका आपोआप उचलली जाते. पंप लागत नाही, इंजिन लागत नाही. गुरुत्वाकर्षण आणि माणसाचे दोन हात पुरतात.

७/१४
पण प्रत्येक खेपेस हौदभर पाणी खाली जाते. दोन मीटर चढाच्या अरुंद लॉकमध्ये ते जवळजवळ एक लाख लिटर भरते. म्हणून कालव्याच्या सर्वोच्च भागाला पाणी पुरवणारे तलाव बांधावे लागले. हौद दुप्पट रुंद असता, तर पाणीही दुप्पट गेले असते. सात फुटांमागचा हिशेब इथे कळतो.

८/१४
हाच हिशेब पुढे महाग पडला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. तीस टनांहून अधिक माल या नौकांत मावेना आणि वाट रुंद करणे अवघड होते. भाड्याचे दर घसरले. किनाऱ्यावर घर ठेवणे अनेक नावाड्यांना परवडेनासे झाले. बायकामुले नौकेवर राहायला आली आणि बिनपगारी कामालाही लागली.

९/१४
मालाला जागा हवी, म्हणून संसार मागच्या खोलीत: सुमारे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. तेवढ्यात चूल, कपाट आणि दिवसा मिटून ठेवायचा पलंग. त्यातही त्यांनी घासून लखलखीत केलेले पितळ मांडले. दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर गुलाब व किल्ले रंगवले. १८७७ च्या कायद्याने अशा नौकांची नोंदणी सक्तीची झाली आणि किती माणसांनी राहावे यावर मर्यादा आली. पण रोज गाव बदलणाऱ्या मुलांची शाळा सुटतच राहिली. कित्येकांना अक्षरओळख झालीच नाही.

१०/१४
१९३९ मध्ये रोल्ट दांपत्याला भेटली ती याच माणसांची पुढची पिढी. लॉकपाशी, धक्क्यावर, कालव्याकाठच्या गुत्त्यात रोल्ट त्यांचे बोलणे ऐकत आणि टिपत राहिले. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले, तेव्हा 'क्रेसी' चेशायरमधील चर्च मिन्शल येथे होती. सहल तिथेच थांबली. रोल्ट क्रू शहरातील रोल्स-रॉइसच्या कारखान्यात कामाला लागले.

११/१४
त्या प्रवासावरचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाने थकलेल्या वाचकांनी ते उचलून धरले. त्यांपैकी रॉबर्ट एकमन या लेखकाने रोल्ट यांना पत्र धाडले. १९४५ मध्ये टार्डबिग येथे, तीस लॉकच्या प्रसिद्ध मालिकेपाशी, दोघे भेटले. १९४६ मध्ये 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' ही कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली.

१२/१४
लवकरच प्रश्न आला: वाचवायचे काय? एकमन यांना प्रत्येक कालवा हवा होता. ज्यांवर नावाड्यांचे पोट चालते ते कालवे आधी वाचवावेत, असे रोल्ट यांचे म्हणणे होते. मतभेद विकोपाला गेले. १९५१ मध्ये रोल्ट आपणच उभारलेल्या संस्थेबाहेर फेकले गेले. त्याच वर्षी त्यांचा आणि अँजेलाचा सहवास संपला आणि जीर्ण झालेल्या 'क्रेसी'चा प्रवासही.

१३/१४
१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले. अडकलेला माल इतर वाटांनी गेला. त्यातला पुष्कळसा परतला नाही. १९६३ मध्ये सरकारी कालवे-मंडळाने आपली अरुंद नौकांची मालवाहतूक जवळजवळ गुंडाळली. पाठोपाठ १९६८ च्या कायद्याने कित्येक कालवे सहलीच्या नौकांसाठी राखले. पाणी, पूल, लॉक वाचले. ज्यांच्यासाठी रोल्ट भांडले होते, ती कुटुंबे तोवर किनाऱ्यावर विखुरली होती. त्यांच्या मुलांना शाळा मिळाली, हेही तितकेच खरे.

१४/१४
आज उन्हाळ्यात सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या नौका ताशी चार मैलांच्या मर्यादेत याच सात फुटी वाटेने जातात. त्यांत स्नानगृह असते, शीतकपाट असते. पुलाखालून जाताना कोपऱ्यावरच्या दगडांत, लोखंडी पट्ट्यांत, बोट मावेल इतक्या खोल खाचा दिसतात. घोड्यामागून ताणलेले ओले, वाळू चिकटलेले दोर पिढ्यान्‌पिढ्या तिथे घासले गेले. त्या घोड्यांसोबत पुष्कळदा मुलेही चालत.

(समाप्त)