अम्मासोबत पाहिलेले सिनेमे

गेल्या पावसाळ्यात अम्मा गावी न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि आम्ही तिला पुण्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, खिडकीतून समोर दिसते ती दुसऱ्या इमारतीची खिडकी. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं दिवसभर करायचं काय? तिलावत व्हायची, खुर्चीत बसून नमाज व्हायची, तरी संध्याकाळ उरायचीच. शेवटी आमच्या मुलीनं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि मगरिबनंतर रोज सिनेमा सुरू झाला. आम्ही काही सिनेमाचे दर्दी नाही. पण अम्माशेजारी बसून तीन महिन्यांत जेवढे सिनेमे पाहिले, तेवढे अख्ख्या नोकरीत पाहिले नव्हते.

पहिली फर्माईश 'मेरे महबूब'ची. 1963 चा हा सिनेमा अम्मानं गावच्या उरुसात तंबूत पाहिलेला. अलीगढचं विद्यापीठ, बुरख्यातून दिसलेले साधनाचे डोळे आणि त्या डोळ्यांच्या शोधात हिंडणारा राजेंद्रकुमार. नौशादच्या चालींवर अम्मा मान डोलवत होती. मध्येच म्हणाली, "ही माणसं कमावतात कधी रे?"

आम्ही हसलो, पण सवाल बिनतोड होता. लगोलग 'चौदहवीं का चाँद' लावला, 1960 चा. लखनौ शहर, दोन जिवलग दोस्त, दोघांचा जीव एकाच बाईवर, आणि पडद्यापायी कुणाला कुणाचा पत्ता नाही. शेवटी रहमान हिरा गिळून मरतो. वहिदा रहमान आजही पाहत राहावं अशी दिसते, त्याबद्दल वाद नाही. पण लहानपणी या सिनेमांनी आमची पंचाईत केली होती. आम्हाला वाटायचं, खरे मुसलमान म्हणजे हे, आपल्यातच काही तरी कमी पडलंय. आमच्याकडे ना शेरवानी, ना झुंबर. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर. माजघरात दखनी, सोप्यावर मराठी, आणि उर्दू फक्त निकाहाच्या पत्रिकेवर. वर्गातली पोरं विचारायची, "तुमच्या घरीपण असंच आदाब करतात का रे?" आम्ही खुशाल 'हो' म्हणून ठोकून द्यायचो.

मुलगी म्हणाली, नवे बघा आता. तिनं 'मुल्क' लावला, 2018 चा. बनारसचे मुराद अली, म्हणजे ऋषी कपूर, कोर्टात उभे आहेत. पुतण्यानं केलेल्या गुन्ह्यापायी साऱ्या घराला आपली वतनावरची मोहब्बत शाबीत करावी लागते आहे. सिनेमा प्रामाणिक आहे, ऋषी कपूरनं जीव ओतलाय. तरी आमच्या मनात आलं, त्या नवाबांना काही कामच नव्हतं आणि आता एकच काम उरलंय, जबाब देण्याचं. त्या मानानं 'गली बॉय' (2019) बघताना मोकळं वाटलं. धारावीतला मुराद गातो, डॉक्टरकी शिकणारी सफीना हिजाब घालते आणि वेळ आली की बाटली फोडते, पण कुणी कुणाला खुलासा मागत नाही. "पोरगी तिखट आहे," अम्मा म्हणाली. कौतुकानं म्हणाली.

2005 चा 'इक्बाल' मात्र तिनं दोनदा पाहिला. त्यात शेत आहे, म्हशी आहेत, पोराला शेतात ओढू पाहणारा बाप आहे. आम्हाला गंमत वाटली ती वेगळीच. इक्बाल श्रेयस तळपदे, बाप यतीन कार्येकर, आई प्रतीक्षा लोणकर. घरभर मराठी माणसं जमली आहेत आणि बोलतात हिंदी! आमच्या मराठीला पडद्यावर मुसलमान घर मिळता मिळत नाही, ते असं हातातोंडाशी येऊन निसटतं.

एकदा मिळालं, राजन खान यांच्या कथेवरच्या 'हलाल'मध्ये. शिवाजी लोटन पाटील यांचा हा सिनेमा ऑक्टोबर 2017 मध्ये लागला. त्याच ऑगस्टात सुप्रीम कोर्टानं एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला होता. आपलं खेडं, आपली भाषा, आपली माणसं. आम्ही अगदी सरसावून बसलो. विषय खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्या कौमेत हमीद दलवाईंना 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढावं लागलं, त्या कौमेनं तोंड फिरवू नये. फक्त मराठी पडद्यावर आमच्या घराचं दार तलाकच्याच दिवशी का उघडतं? इतर दिवशीही आम्ही घरीच असतो की. अम्मा त्या दिवशी काही बोलली नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशी मात्र शेवटपर्यंत उभ्यानं बघत होत्या.

'गर्म हवा' लावायची चूक आमचीच. एम. एस. सथ्यूंचा हा सिनेमा 1973 चा. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदींची पटकथा. आग्र्याचे सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी. जोड्यांचा धंदा बसत चाललाय, आणि हवेली ज्याच्या नावावर तो थोरला भाऊ पाकिस्तानला निघून गेल्यामुळे घर हातचं जातं. सामान निघतं तेव्हा म्हातारी आई अडगळीत दडून बसते, तिला उचलून बाहेर आणावं लागतं. पुढे ती अंथरुणाला खिळते. तिचा जीव हवेलीत अडकलेला. अखेर तिला डोलीत घालून तिथं नेतात. नवरी होऊन ती त्या घरात आली होती.

अम्मानं विचारलं, "ही बाई कोण?"

आम्ही वाचलेलं सांगितलं. बदर बेगम त्यांचं नाव, सथ्यूंना आग्र्यातच सापडल्या. तरुणपणी सिनेमात काम करायची हौस होती, ती अशी म्हातारपणी पुरी झाली. आवाज मात्र दीना पाठक यांचा. अम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याकडेच बघत म्हणाली,

"इसार कितना लिया रे?"

गावचं घर विकायचं आम्ही तिघा भावांनी ठरवलं होतं. चारखणी कौलारू घर, मागं परडं, परड्यात अम्मानं लावलेलं डाळिंब. इसार घेऊन महिना झाला होता. तिला बरं वाटल्यावर सांगू म्हणून थांबलो होतो. सलीम मिर्झांवर सरकार आलं होतं, फाळणी आली होती. आमच्यावर काय आलं होतं? छप्पर गळत होतं आणि प्रत्येकाला आपल्या फ्लॅटचा हप्ता होता. आम्ही आकडा सांगितला. ती म्हणाली, "कमी घेतला." आणि झोपायला गेली.

व्यवहार मोडला का, असं तुम्ही विचाराल. नाही मोडला. खरेदीखत पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी येत्या रविवारी तिला न्यायचं ठरलंय, गाडी सांगितली आहे. अडचण सोप्याच्या दोन उंच पायऱ्यांची, वॉकर तिथं चढत नाही. शेजारच्या तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनींना खुर्चीत बसवा, चौघं मिळून उचलू."