फेस न येणारी मिरगी

मिरगी म्हटली की आमच्या मोहल्ल्यात पडणे, फेस येणे, चप्पल हुंगवणे एवढेच ठाऊक. दुसरीही एक असते. इम्ला, म्हणजे श्रुतलेखन चालू असताना मुलीचा हात दहा सेकंद थांबतो, नजर थिजते; दोन शब्द गळतात. घरचे म्हणतात, असर आहे. शाळा म्हणते, ध्यान नाही. बी.एड.ला आम्हाला हे कुणी शिकवले नाही.

अमेरिकेत अशा ४५३ मुलांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ३६ टक्के मुलांचे लक्ष औषधापूर्वीच कमी पडत होते. झटके थांबल्यावरही अनेकांची ती अडचण राहिली. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत ती ४९ टक्के, इथोसक्सिमाइडवर ३३. तेव्हा ‘गोळी चालू आहे, आता का चुकतेस?’ हा सवालच गैर. तावीज काढा, असे आम्ही पालकांना म्हणत नाही. डॉक्टरांना झटक्यांबरोबर अभ्यासाचेही सांगा, एवढेच म्हणतो.