सरड्याची धाव, आमचं कुंपण

मराठी भाषेनं सरड्याचं कधी भलं चिंतलेलं नाही. कुणी बोलणं फिरवलं की त्याला सरडा म्हणायचं, कुणाची झेप तोकडी पडली की ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणून मोकळं व्हायचं. मीही ही म्हण लहानपणापासून वापरत आले. पण २०२२ पासून आमच्या सिडनीच्या घरात एक सरडा राहतो आहे आणि तेव्हापासून ती म्हण मला निराळीच ऐकू येते. सरड्याची धाव कुंपणापर्यंतच असेल, तर कुंपण घालणाऱ्यानं किती विचार करायला हवा!

हा सरडा म्हणजे इथला ‘बिअर्डेड ड्रॅगन’, दाढीवाला ड्रॅगन. नाव भारदस्त असलं तरी स्वभाव अगदी गरीब. गळ्याखाली काटेरी कातडीची झालर असते. रागावला किंवा घाबरला की ती फुगवतो आणि काळीकुट्ट करतो, तीच त्याची दाढी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४५ ते ६० सेंटिमीटर लांब. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत मुलुखात तो राहतो आणि रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबांवर ऊन खात बसलेला हमखास दिसतो. आपल्या बागेतल्या सरड्याच्याच कुळातला, म्हणजे नात्यानं परका नव्हेच.

आमच्याकडे तो आला तो हौसेनं विकत आणलेला नव्हे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब देश सोडून निघालं होतं. ऑस्ट्रेलियातले सरपटणारे प्राणी असे बरोबर घेऊन देशाबाहेर जाता येत नाही. त्यांच्या मुलाची आणि आमच्या चिरंजीवांची मैत्री. “आई, आपण ठेवू या ना त्याला,” असा हट्ट सुरू झाला. लेकाचं वय तेव्हा अकरा. हा प्राणी नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो, म्हणजे लेक कॉलेजातून बाहेर पडेपर्यंतचा हा संसार. ह्यांनी आधी परवाना काढला. इथे न्यू साऊथ वेल्समध्ये देणारा आणि घेणारा, दोघांकडेही सरकारी परवाना लागतो आणि रानातून प्राणी धरून आणणं हा गुन्हा आहे.

माशांच्या काचेच्या टाकीत घालून तो आला, तेव्हा वर्षाचा होता. खाली वाळू, वर एक साधा बल्ब. हातात घेतला तर पाय थरथरत होते, पुढचा उजवा पाय वाकडा होता आणि पोट जमिनीवरून उचलत नव्हता. माझ्या सासूबाई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, “सूनबाई, ह्याचे सांधे गेलेत. माझ्यासारखे.”

प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून जवळजवळ तेच सांगितलं. हाडं मऊ झाली होती. शरीरात कॅल्शियम मुरायला ड जीवनसत्त्व लागतं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीबी’ म्हणतात ते किरण कातडीवर पडले की ह्या प्राण्याच्या अंगात ते तयार होतं. ते किरणच त्याला मिळाले नव्हते. “पण आम्ही तर त्याची टाकी रोज खिडकीतल्या उन्हात ठेवायचो,” ते कुटुंब म्हणालं. खरंच ठेवत होते. मात्र साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. उजेड आत येतो, ऊब येते, पण जे हवं तेच बाहेर राहतं. वर काचेची टाकी उन्हात तापून भट्टी होण्याचा धोका असतो तो निराळाच. त्या घरात मायेला तोटा नव्हता. मुलगा त्याला पोटाशी धरून टीव्ही बघायचा. कमी पडलं ते घर, माया नव्हे.

डॉक्टरांनी तोंडानं द्यायचं कॅल्शियमचं औषध लिहून दिलं आणि बजावलं, “औषध मी दिलंय, पण त्याला बरं करील ती त्याची पेटी. ती ह्या आठवड्यात झाली पाहिजे.”

मग आमच्या घराला सुताराच्या दुकानाची कळा आली. ह्यांनी फळ्या आणून १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी पेटी केली. मोठ्या सरड्याला ह्याहून लहान चालत नाही, मोठी असली तर उत्तमच. तिन्ही बाजू लाकडाच्या आणि पुढे सरकत्या काचा. चारी बाजूंनी काच असली की त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, दुसरा सरडा समोर उभा आहे असं वाटून तो दिवसभर दाढी काळी करून बसतो. थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर हवेसाठी जाळी बसवली, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि ताजी हवा खालून येते. त्याच्या मुलुखाची हवा कोरडी, त्यामुळे पेटी कोंदट होऊन चालत नाही.

ह्या पेटीचं सगळं मर्म एका गोष्टीत आहे, ते म्हणजे दोन टोकं. आपण माणसं अंगातली ऊब अंगातच तयार करतो. सरड्याला ते जमत नाही. तो उन्हात जाऊन तापतो आणि सावलीत जाऊन निवतो. पोटातलं अन्न पचायलासुद्धा त्याला बाहेरची ऊब लागते. म्हणून सगळी पेटी सारखी गरम केली तर तो सुखात नाही, शिक्षेत असतो. एका टोकाला हॅलोजनचा दिवा आणि त्याखाली एक सपाट दगड. त्या दगडाच्या पृष्ठभागावर साधारण ४० अंश सेल्सियस. दुसऱ्या टोकाला सावली, एक छोटी गुहा आणि २५ अंशांच्या आसपास. मधल्या जागेत त्यानं त्याला हवं तिथे बसावं. ऊब किती हवी हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला पाहिजे.

ऊब वरून द्यायची, खालून नव्हे. विजेवर तापणारे दगड बाजारात मिळतात आणि एका दुकानदारानं तो आमच्या गळ्यात मारायचा प्रयत्नही केला. पण सरड्याला ऊन वरून येतं एवढंच ठाऊक, पोटाखालचा दगड भाजतोय हे त्याला वेळेवर कळत नाही आणि पोट पोळतं. डॉक्टरांनी आधीच सावध केलं होतं म्हणून आम्ही नाही म्हटलं. दिव्यालाही तारेची जाळी बसवली, उडी मारून चिकटला तर काय घ्या! आणि दिव्याला थर्मोस्टॅट जोडला, नाहीतर सिडनीच्या उन्हाळ्यात दगडाचा तवा व्हायचा.

अतिनील किरणांची नळी वेगळी. दिसायला आपल्या ट्यूबलाइटसारखीच. पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीची घेतली आणि गरम टोकाच्या बाजूला छताला आतून लावली. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येता कामा नये, नाहीतर पुन्हा खिडकीचीच गत. सरड्याची पाठ आणि नळी ह्यांत किती अंतर ठेवायचं ते नळीच्या खोक्यावर छापलेलं असतं, ते टेपनं मोजून दगडाची उंची ठरवली. दोन्ही दिवे बारा तास चालू आणि रात्री पूर्ण अंधार. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्यानं चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. म्हणून रात्री लाल दिवासुद्धा नको. घरातलं तापमान रात्री फार उतरलं तर उजेड न देता नुसती ऊब देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो, तो आम्ही जूनच्या थंडीत लावला.

खाली वाळू घातली नाही. दिसायला वाळवंट छान दिसतं, पण खाताना वाळू पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. आजारी असेपर्यंत वर्तमानपत्र आणि नंतर खरखरीत फरशा. फरशीनं नखंही आपोआप झिजतात. चढायला जाड फांदी हवी, पण पहिले दोन महिने ती आडवीच ठेवली, कारण पडला असता तर मऊ हाड मोडलं असतं.

पेटी तयार झाली तरी ह्यांनी त्याला लगेच आत सोडू दिलं नाही. दोन दिवस रिकाम्या पेटीत दिवे चालवून तापमान बघायचं ठरलं. इथे सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. येताना सांगलीहून आणलेलं कालनिर्णय त्यांच्या खोलीत टांगलेलं होतं. तिथे दूधवाल्याचा हिशोब नाही, त्यामुळे चौकोन रिकामेच. करोनाच्या दिवसांत दारोदारी कपाळावर धरायचे तसला बंदुकीसारखा तापमापक हातात घेऊन त्या दर दोन तासांनी दगडाचं तापमान बघत आणि चौकोनात बारीक अक्षरांत लिहीत. “दुपारी ४६ झालं होतं,” त्यांनी संध्याकाळी फर्मान काढलं, “दिवा वर घ्या.” दिवा चार बोटं वर घेतला. दुसऱ्या दिवशी काटा ४० वर स्थिरावला, तेव्हाच गृहप्रवेश झाला. दाढीवरून त्यांनी नावही ठेवलं, ‘बुवा’.

जेवणाच्या बाबतीत मात्र आमच्या शाकाहारी घराची कसोटी लागली. वाढत्या वयात ह्याला किडे लागतात. इथे दुकानात सरड्यांसाठी मुद्दाम वाढवलेली झुरळं डबीत मिळतात. “सांगलीत जन्मभर ज्यांना मारलं, त्यांना पैसे मोजून घरात आणायचं!” सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. त्या डब्या गॅरेजमध्येच राहतील आणि खाऊ लेकच घालील, असा तह झाला. दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही आणि देण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचा. घरातलं झुरळ मात्र कधीच देऊ नये, त्याच्या अंगावर फवाऱ्याचं विष असू शकतं. मोठा झाल्यावर आहार पालटतो आणि पानं-भाज्यांचा वाटा वाढतो. बुवा आता लाल भोपळ्याचा कीस, बॉकचॉय आणि डँडेलियनची पानं आवडीनं खातात. पालक रोज देत नाही, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. अ‍ॅव्होकॅडो तर विषच. आणि एक दिवस सासूबाईंनी विचारलं, “जास्वंद चालेल का गं?” चालते, फवारणी न केलेली हवी. तेव्हापासून परसातल्या झाडाचं पहिलं फूल गणपतीला आणि दुसरं बुवांना.

स्वच्छतेचे नियम कडक. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि प्राणी ठणठणीत दिसला तरी ते असतात. म्हणून पेटी स्वयंपाकघरात नाही, त्याची भांडी आमच्या सिंकमध्ये नाहीत, त्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे. पाच वर्षांखालच्या पाहुण्या पोरांनी लांबूनच बघायचं. सासूबाईंना हे सोवळं फार पसंत पडलं.

तीन आठवड्यांनी थरथर थांबली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी लेक ओरडत आला, “आई, तो उभा राहिला!” खरंच, दगडावर चारी पायांवर अंग उचलून, उन्हाकडे तोंड करून बुवा उभे होते. सकाळी गार असताना त्यांचा रंग गडद असतो, त्यानं ऊब लवकर शोषली जाते. अंग तापलं की ते फिके पडतात आणि फारच तापलं की तोंड उघडं ठेवून बसतात. रंग बदलणं ही लबाडी नव्हे, ती थंडीत शाल पांघरावी आणि उकडलं की काढावी तशी गोष्ट आहे, हे मला रोज समोर बघून कळलं. वाकडा पाय मात्र वाकडाच राहिला. हाड पुन्हा घट्ट होतं, पण एकदा आलेला बाक जात नाही. बुवा त्या पायानं जरा फेंगडं चालतात, पण फांदीच्या टोकापर्यंत जातात.

त्याच दिवसांत मी आमच्याच घराकडेही बघायला लागले. सासूबाईंची खोली दक्षिणेकडची. इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे हिवाळ्यात त्या खोलीत ऊन नाहीच. त्या तक्रार करत नव्हत्या, फक्त सकाळी शाल घेऊन बुवांच्या पेटीजवळ जाऊन बसत. मला वाटे, त्यांना सरड्याचा लळा लागला. लळा होताच, पण पेटीशेजारी उत्तरेचं मोठं दारही होतं. आम्ही त्यांचा पलंग त्या बाजूच्या खोलीत हलवला आणि ह्यांचं टेबल दक्षिणेकडे नेलं. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, “आता गुडघे बोलत नाहीत.” घर कुणासाठीही मांडा, आधी राहणाऱ्याच्या शरीराला विचारावं लागतं, एवढाच काय तो धडा.

भारतातल्या वाचकांनी हे वाचून बागेतला सरडा पकडून खोक्यात ठेवू नये, एवढी विनंती. तो रानातला जीव, त्याचं कुंपण त्यानंच निवडलेलं आहे. आणि परदेशी प्राणी घरी आणायचा विचार असेल तर आधी कायदा काय म्हणतो ते विचारावं, सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गावात आहेत का ते बघावं आणि पेटी पूर्ण करून, तापमान तपासून मगच प्राणी आणावा. पैसे वाचवायचेच असतील तर लाकडात वाचवा, दिव्यांत नको.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही लक्षातून सुटते. अतिनील नळी वर्षभरानंतरही लखलखीत पेटते, पण तिचे ते किरण कमी झालेले असतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, हाडांना कळतो. म्हणून वर्ष भरलं की ती बदलायची. आम्ही तारीख विसरत नाही, कारण दर जूनमध्ये सांगलीहून फोन येतो. आमची खुशाली नंतर, आधी प्रश्न असतो, “बुवांची नळी बदलली का?”