बहुमत आणि मनाची साक्ष

इंद्रायणीच्या काठी वसलेले देहू हे संत तुकारामांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकारामबीजेच्या दिवशी, येथे वारकऱ्यांचा मेळा भरतो. ज्येष्ठात तुकोबांची पालखी येथूनच पंढरीची वाट धरते. गावाभोवतीचा परिसर मात्र आता पार पालटला आहे. एकीकडे पिंपरी-चिंचवड, दुसरीकडे चाकण, अशा कारखान्यांच्या पट्ट्यात देहू आले. कामाच्या शोधात दूरदूरची माणसे येथे येऊन राहिली. वस्ती वाढली, तशी ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली आणि तिच्या पहिल्या निवडणुकीचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला.

मतदानाच्या दिवशी अशा गावात जी रांग लागते, ती न्याहाळण्याजोगी असते. तीत पिढ्यान्‌पिढ्या गावात राहणारा शेतकरी असतो, रात्रपाळी संपवून परस्पर आलेला कामगार असतो, काठी टेकीत आलेली आजीबाई असते आणि नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली विद्यार्थिनीही असते. कोणी पदवीधर, तर कोणाला अक्षरओळखही नाही. परंतु डाव्या तर्जनीला लागणारी शाई सर्वांना सारखीच, आणि मोजणीच्या वेळी प्रत्येकाचे मत एकच भरते. ही समता सहज मिळालेली नाही. स्वातंत्र्यापूर्वी मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी जखडलेला होता. संविधानाने त्या अटी दूर केल्या आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत आली. वयाची अट तेव्हा २१ वर्षांची होती. १९८९ पासून ती १८ झाली.

मत देणे सोपे. अवघड असते ते निकाल मानणे. आपल्या मनासारखे झाले, तर जनता शहाणी. मनाविरुद्ध झाले, तर जनता भोळी, असे म्हणणारी माणसे गावोगावी भेटतात. पण असे म्हणणाऱ्याला लोकांचा कौल हवा नसतो. त्याला केवळ स्वतःच्या इच्छेवर लोकांचा शिक्का हवा असतो.

देहूत मात्र हा प्रश्न थोडा निराळ्या रीतीने उभा राहतो. सत्य कोणते आणि असत्य कोणते, हे ठरविताना आपण मनाला साक्षी ठेवले, पुष्कळांच्या मताला जुमानले नाही, असे तुकोबांनी एका अभंगात स्वच्छ सांगून ठेवले आहे. त्यासाठी त्यांनी सोसलेही फार. त्यांना कवित्वाचा अधिकार नाही, असे ठरवून त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या. तेरा दिवस ते नदीकाठी बसून राहिले आणि मग वह्या कोरड्या वर आल्या, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. त्या दिवसांत कोणी गावाची मते घेतली असती, तर तुकोबांच्या बाजूने कदाचित थोडेच हात वर झाले असते. म्हणून काय त्यांचे अभंग खोटे ठरले असते? आणि ठरले नसते, तर बहुमताला मान का द्यावा?

या कोड्याचे उत्तर शाळेच्या वर्गातच सापडते. यंदाची सहल सिंहगडावर न्यावी की कार्ल्याच्या लेण्यांकडे, यावर वर्गात मते घेता येतात. परंतु सात आठे छप्पन की चोपन्न, यावर कोणी मते घेत नाही. साऱ्या वर्गाने हात वर करून चोपन्न म्हटले, तरी छप्पनांतला एकही कमी व्हायचा नाही. सत्य काय आहे, हे बहुमत ठरवीत नाही. एकत्र राहणाऱ्या माणसांनी पुढचे काम कसे चालवावे आणि ते कोणाच्या हाती सोपवावे, एवढेच ते ठरविते. वर्गाने सिंहगड निवडला, तर कार्ल्याला मत देणारा मुलगाही त्याच गाडीत बसतो. लेणी पाहणे अधिक चांगले झाले असते, असे त्याला अजूनही वाटू शकते आणि पुढल्या वर्षी तो ते पुन्हा सांगूही शकतो. मात्र गाडीच्या चाकातील हवा सोडण्याचा अधिकार त्याला नाही.

हे तत्त्व आचरणात आणणे किती कठीण असते, याचे उदाहरण देहूजवळच्या देहूरोडची आठवण करून देते. तेथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. प्रत्येक प्रौढ माणसाला मत असावे, हा आग्रह त्यांनी ब्रिटिश अमदानीतच धरला होता. असे असूनही त्याच संविधानाप्रमाणे झालेल्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, १९५२ साली, मुंबईत त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले.

ज्याने घर बांधण्यात एवढे कष्ट घेतले, त्यालाच दारातून परत फिरावे लागावे, असा हा प्रकार होता. परंतु बाबासाहेबांनी घराला दोष दिला नाही. १९५२ च्या निवडणुकीबाबत त्यांची तक्रार होती; ती त्यांनी कायद्याने आखलेल्या मार्गाने, रीतसर अर्ज करून मांडली. निकाल बदलला नाही. ते राज्यसभेचे सभासद झाले आणि आपले म्हणणे तेथे निर्भयपणे मांडीत राहिले. गाऱ्हाणी दूर करण्याचे घटनात्मक मार्ग मोकळे असताना इतर मार्ग धरणे म्हणजे अराजकाला आमंत्रण होय, असा इशारा त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत दिला होता. तो त्यांनी स्वतःलाही लागू केला. मते कमी पडली, म्हणून त्यांनी विचार सोडला नाही. आणि विचार पक्का होता, म्हणून मतांचा निकाल झुगारला नाही.

निकाल मानणे म्हणजे तोंड मिटून बसणे नव्हे, ते असे. १९७७ साली पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतःच्या रायबरेली मतदारसंघात पराभूत झाल्या आणि पायउतार झाल्या. १९८० साली जनतेनेच त्यांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. लोकांचा कौल अखेरचा नसतो; तो पुढल्या निवडणुकीपर्यंतचा असतो. म्हणूनच हरलेला माणूस धीर धरू शकतो आणि जिंकलेल्याला भान ठेवावे लागते.

जिंकलेल्याचे कर्तव्य तर हरलेल्याहून कठीण आहे. कोणी कोणाला मत दिले, हे गुप्त असते. ते शोधीत बसू नये. नळाचे पाणी आणि रस्त्यावरचा दिवा विरोधकाच्या आळीतही पोचला पाहिजे. शिवाय बहुमताच्या सत्तेलाही कुंपण आहे. बोलण्याचे, उपासनेचे, समान वागणुकीचे जे मूलभूत हक्क संविधानाने दिले आहेत, ते कोणाला आवडत नाहीत एवढ्यासाठी हिरावून घेता येत नाहीत. पुष्कळांना रुचली नाही, तरी एकट्याची वाणी बुडविता येऊ नये, याची ही तजवीज आहे.

सत्याचा निवाडा करताना मनाची साक्ष घ्यावी आणि सार्वजनिक कामाचा निर्णय करताना सर्वांचे मत घ्यावे. यांतले पहिले ज्याने सोडले, तो गर्दीचा दास झाला. दुसरे ज्याने सोडले, तो स्वतःच्या हट्टाचा दास झाला. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला यांपैकी कोणतेही दास्य शोभत नाही.