तार बर्फावर, कान वेळेवर

कॅम्पला निघणारे तरुण संशोधक हमखास विचारतात, "तिथं स्पीड किती मिळेल हो?" मी उलट विचारतो, "रात्री आठला रेडिओपाशी कोण बसणार?" त्यांना वाटतं, म्हातारा विषय टाळतोय.

अंटार्क्टिकातलं आपलं मैत्री स्थानक सत्तर अंश दक्षिणेला. विषुववृत्तावरचा भूस्थिर उपग्रह तिथून क्षितिजाच्या फार तर अकरा अंश वर दिसतो. स्थानकावर डिश नीट रोवलेली असते, गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन संस्थेशी बोलणं होतं. पण दक्षिणेला वोल्थाट पर्वतरांगेत तंबू ठोकला, की एखादा कडा मध्ये येतो आणि उपग्रह गायब. तिथं कामाला येतो एचएफ रेडिओ. तीसेक मीटरची डायपोल तार, आणि तीही खांबांवर चढवायलाच हवी असं नाही. जाड बर्फातून वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे नुसती अंथरलेली तारही चालते. लहरी वर जातात, आयनांबरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात, डोंगर आडवा येत नाही. मात्र बर्फाच्या याच वीज न वाहण्याच्या गुणामुळे अर्थिंग मिळत नाही. हिमवादळात कोरडा भुगा तारेवर घासून विद्युतभार साठतो, तेव्हा तार सेटपासून सोडवून ठेवायची. हे मी दर मोहिमेत घसा कोरडा होईस्तोवर सांगतो.

सूर्यावर मोठा स्फोट झाला की ध्रुवाकडचं एचएफ तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस मुकं होतं. म्हणून जोडीला इरिडियम ही उपग्रहसेवा. तिचे ६६ उपग्रह ध्रुवांवरूनच फिरतात, त्यामुळे आकाश मोकळं असलं तर संपर्क होतो. माग काढणाऱ्या छोट्या यंत्रातून एका वेळी ३४० बाइट जातात. मराठीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा वेगळी मोजायची! घरच्यांसाठी पाल्हाळ नको.

खरं दुखणं बॅटरीचं. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतून बिघडते, म्हणून ती माणसांबरोबर तंबूत झोपते. सौर पॅनेल मी उभेच लावतो, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, खालून घिरट्या घालतो, आणि उभ्या पॅनेलवर बर्फ साचत नाही.

एवढं जमलं की मग स्पीडचं बोलू. तोवर माझ्या कागदावर दोनच ओळी: रात्री आठची वेळ चुकली तर पुढच्या तासाला पुन्हा हाक; तीही चुकली तर शोधपथक तयारीला लागेल. कॅम्पप्रमुखाची सही त्याखाली घेतल्याशिवाय मी सेट हातात देत नाही.