साकवाची फळी

बुऱ्हाणपूर परिसरात लाकडाची गोष्ट निघाली की सागाखेरीज दुसरे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. मुलीच्या लग्नातले कपाट असो, नव्या घराचा दरवाजा असो की चर्चमधील बाके असोत, "साग आहे ना?" एवढा एकच प्रश्न विचारला जातो आणि होकार मिळाला की घेणारा निश्चिंत होतो. कपाटाच्या बाबतीत ही निश्चिंती खपून जाते. कारण कपाट छपराखाली उभे असते. परंतु जी फळी उघड्या आकाशाखाली ऊन, पाऊस आणि माणसांची पावले सोसण्यासाठी आडवी घालावयाची आहे, तिच्या बाबतीत हा एकच प्रश्न पुरा पडत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका वाडीला याचा कटू अनुभव आला. वाडी आणि प्रार्थनामंदिर यांच्यामध्ये एक नाला आहे आणि त्यावर लाकडी साकव आहे. त्याच्या फळ्या "अस्सल सागाच्या" म्हणून विकत घेतल्या होत्या. तीन पावसाळे लोटले आणि श्रावणातील एका रविवारी मिस्साला निघालेल्या एका वृद्ध मातेच्या पायाखाली फळी मोडली. पायाचे हाड दुखावले आणि त्या दोन महिने अंथरुणाला खिळून राहिल्या. पुढे साकव नव्याने बांधण्याचा विचार करण्यासाठी सर्व कुटुंबे एकत्र जमली. कोणी म्हणाले, साग आता पूर्वीचा राहिला नाही, शहरातल्या दुकानात परदेशी लाकूड मिळते, तेच कर्ज काढून आणावे. तर कोणी हळूच सुचविले, डोंगर जवळ आहे आणि रात्र मोठी आहे.

निर्णयापूर्वी आम्ही एका जाणत्या सुतारकाकांसह मोडक्या फळ्या उलटून पाहिल्या. प्रत्येक फळीची एक कड भुसभुशीत झाली होती. बोटाने दाबताच तिचा चुरा होत होता. दुसऱ्या कडेचा तपकिरी भाग मात्र असा टणक होता की काकांचा पटाशीचा घाव त्यात जेमतेम उतरला. साग तोच, झाडही तेच. मग एक अर्धा कुजला आणि दुसरा तरला, हे कसे?

याचे उत्तर झाडाच्या घडणीत आहे. सालीलगतचे पांढुरके लाकूड हा झाडाचा जिवंत भाग. मुळांनी शोषलेले पाणी त्यातूनच वर चढते आणि पिष्ट व शर्करा यांचा साठाही त्यातच असतो. हाच साठा बुरशी आणि किडे यांचे अन्न ठरतो. झाड वाढते तसे आतले थर निवृत्त होऊन त्यांचा गाभा बनतो. त्या गाभ्यात झाड तेलकट आणि कडवट द्रव्ये साठविते. सागातील अशा एका द्रव्याला शास्त्रज्ञ टेक्टोक्विनोन म्हणतात. वाळवीला ते रुचत नाही. तात्पर्य, सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात आहे, नावात नव्हे. सागाचे पांढरे लाकूड इतर कोणत्याही झाडाच्या पांढऱ्या लाकडासारखेच नाशवंत असते. कोवळ्या, बारीक खोडात हा पांढरा भाग प्रमाणाने फार असतो. अशी फळी विकणारा "साग आहे" असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. मात्र पुरते खरेही बोलत नाही.

दुसरा समज असा की, लाकूड जितके जड तितके ते उत्तम. आपल्या सातपुड्यातील अंजनाचे पिकलेले लाकूड पाण्यात टाकले तर बुडते, इतके ते जड आहे. दक्षिण अमेरिकेतून येणारे इपे नावाचे लाकूडही तसेच. अमेरिकेत समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यांसाठी ते फार वापरले गेले. कठीणपणा मोजण्यासाठी पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतविण्यास किती जोर लागतो, ते पाहतात. या कसोटीवर इपे सागाच्या सुमारे तिप्पट भरते. साग त्यामानाने हलका. त्याचे वजन घनफुटाला सुमारे १८ किलो, तर तेवढ्याच पाण्याचे २८ किलोंहून अधिक.

मग सागाची थोरवी कशात? ती त्याच्या स्थिरपणात आहे. ओले लाकूड सुकताना आकसते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. परंतु खोडाच्या केंद्रापासून सालीकडे एका मापाने आणि वर्तुळांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट मापाने आकसते. या दोन मापांच्या ओढाताणीतूनच फळीला वाक, पीळ आणि तडे येतात. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग पहिल्या दिशेने सुमारे अडीच आणि दुसऱ्या दिशेने पाच टक्क्यांच्या आसपास आकसतो. इपे साडेसहा ते आठ टक्के. आमच्या भागात वैशाखाचे रखरखीत ऊन आणि आषाढाची झड यांच्यामध्ये महिना-दीड महिन्याचेच अंतर असते. अशा ठिकाणी न हलणारे लाकूड ही मोठी देणगी होय.

जहाजबांधणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. युरोपातील ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे झिजतात. सागाचे तेल उलट लोखंडाचे रक्षण करते. पोर्तुगीज अमदानीत वसईस जहाजे बांधली जात, ती सागाचीच. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे. दोन शतकांपूर्वीच्या सुतारांजवळ यंत्रे नव्हती, परंतु गाभा आणि पांढरे यांतील भेद त्यांचे डोळे अचूक ओळखीत.

परदेशी लाकडाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इपेची मागणी इतकी वाढली आणि ॲमेझॉनच्या अरण्यात त्याची एवढी तोड झाली, की २०२२ साली पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याच्या व्यापारावर नियंत्रण घातले. २०२४ पासून ते अमलात आले. ज्याची आपल्याला गरज नाही, त्याच्यासाठी कर्ज काढून दुसऱ्याच्या अरण्याला भार का व्हावे?

परंतु उत्तम फळीही वाईट रीतीने बसविली तर कुजते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीला तेथे संसार थाटता येत नाही. म्हणून सारी युक्ती पाणी अडू न देण्यात आणि वारा खेळता ठेवण्यात आहे. आमच्या मोडलेल्या साकवावर फळ्या एकीला एक चिकटवून ठोकल्या होत्या, फटींत माती भरली होती आणि खाली नाल्यातील गवत माजून फळ्यांना टेकले होते. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरांची फट असावी. फळीच्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते; यास्तव कापलेली टोके तेल किंवा मेण लावून बंद करावीत. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. कालांतराने फळी राखाडी पडते, त्याची चिंता करू नये; तो उन्हाने केवळ वरच्या पापुद्र्यावर चढविलेला रंग आहे.

आता उरला तो रात्रीच्या डोंगराचा प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही सभेत स्पष्ट दिले आणि येथेही देतो. सातवी आज्ञा झाडांनाही लागू आहे. जंगलातील साग चांगला गाभा धरावयास साठ-सत्तर वर्षे घेतो. तो चोरून तोडणारा वनखात्याचेच नव्हे, तर आपल्या नातवंडांचेही चोरतो. आपल्या मुलखातील डोंगर कसे उघडे पडत चालले आहेत, हे आम्ही सांगावयास नको. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या परिपत्रकात सृष्टीला आपले सामाईक घर म्हटले, ते याच अर्थाने. आणि विकत घेतलेल्या लाकडाची नासाडी हाही त्याच घरावरचा घाला. जे झाड साठ वर्षे वाढले, त्याची फळी तीन वर्षांत कुजली तर आपण सत्तावन्न वर्षे उधळली असेच म्हणावे लागेल.

वाडीतील कुटुंबांनी अखेर कर्ज काढले नाही आणि डोंगरही चढला नाही. साकवाची रुंदी थोडी कमी केली आणि वनखात्याच्या लिलावातून आलेले, शिक्का व परवाना असलेले सागाचे लाकूड घेतले. सुतारकाकांनी गिरणीत उभे राहून प्रत्येक फळीची पांढरी कड काढून टाकविली. ती कडही वाया गेली नाही. छपराखालच्या मांडणीसाठी ती पुरेशी ठरली. प्रत्येक लाकडाचे आपापले काम असते. पावसात लवकर कुजणारी सालईच पाहा! १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेल्या नेपानगरच्या कारखान्यात तिच्या आणि बांबूच्या लगद्यापासून वृत्तपत्रांचा कागद बनू लागला आणि देशभर वाचला गेला. देहाला अनेक अवयव असतात, हे संत पौलाने मंडळीला उगीच समजावले नाही.

प्रिय वाचकहो, आपणही ओट्यासाठी, पायरीसाठी वा साकवासाठी लाकूड घ्याल तेव्हा केवळ नाव विचारून थांबू नका. फळीचे टोक उजेडात धरून गाभा किती आणि पांढरे किती ते पाहा. ती सुकली आहे की नाही ते तपासा. ती कोठून आली, याचा कागद मागा. घरात सुताराचे हात असलेला मुलगा असेल तर त्याचे काम हलके मानू नका. नासरेथच्या घराची रोजची भाकर याच कामावर भाजली जात होती. नीट निवडलेली, नीट बसविलेली एक फळी म्हणजे वाचलेले एक झाड आहे, आणि कोणा आजीचा सुखरूप राहिलेला पायही.